लेबलवर किती, आत किती

निमा, तू गेलीस यावरही आधी माझा विश्वास बसला नव्हता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तर मी त्यांना म्हणालो, ते मशीन परत लावा. त्यांनी लावलं. भला माणूस, एका शब्दानेही वाद घातला नाही. सरळ रेघ मला दाखवली. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिली आणि विचारलं, वायर नीट बसली आहे ना? तेव्हा मागून पल्लवी म्हणाली, "मामा, हवे बस करो." तुझी मुलगी फार दुःखात असली की गुजराती बोलते, हे मला त्या दिवशी कळलं. मग मी बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसलो आणि रडलो.

तू कोणालाही माझी ओळख करून द्यायचीस ती अशी: "हा मना भाऊ. उधनाले कापड तपासस, आणि घर ईसन मानसे तपासस." हा माझा भाऊ, सुरतेत उधन्याला कापड तपासतो आणि घरी येऊन माणसं, असं ऐकून लोक हसायचे. मीही हसायचो, पण त्यात खोटं काय होतं? सगळा जन्म त्या काचेच्या टेबलापाशी गेला. खाली ट्यूबलाइट आणि वरून ताका, म्हणजे कापडाचा तागा, सरकत जातो. मागावरून उतरलेलं कोरं कापड उजेडावर धरलं की तुटका धागा लपत नाही, तेलाचा डाग लपत नाही. ताक्याच्या टोकाला लेबल असतं, त्यावर मीटर लिहिलेले असतात. ते मीटर मी कधीच खरे धरले नाहीत. लेबलवर किती आणि आत किती, हे शोधायचाच मला पगार मिळतो. घरी आल्यावर चप्पल काढतो तशी शंकाही दाराबाहेर काढून ठेवावी, असं तुझं म्हणणं. मला ते कधी जमलं नाही.

तू गेल्यावर नवागामला तुझ्या घरी माणसं दारावर येऊ लागली. आपली रीत तू जाणतेस. रिक्षातून उतरल्या उतरल्या बायकांचा हंबरडा, पुरुषांनी टोपी मांडीवर घेऊन सतरंजीवर गप्प बसणं, मग चहा, मग उठताना एखादं वाक्य. सुरतेतले आले, अमळनेर-धरणगावाकडचे रेल्वेने आले. मी दाराशी बसून सगळ्यांची तोंडं पाहत होतो. तुला राग येईल, पण मी तपासतच होतो. कोण मनापासून रडतंय, कोण रडताना कपाटाकडे बघतंय. काहींनी उठता उठता हळूच विचारलं, "तिचं काही होतं का?" ज्यांनी विचारलं त्यांचा मला संशय आला. मग ज्यांनी विचारलं नाही त्यांचाही आला. न विचारण्याइतकं ह्यांना आधीच काय माहीत आहे?

होतं. तुझं होतं. पण ते कोणाला उघडून दाखवता येण्यासारखं नव्हतं, आणि तेच तर आपलं भांडण.

दाजी गेल्यावर तू घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवल्यास. मग मार्केटमधल्या साडीच्या पेढीत बिलं करायला लागलीस. तिथे शेठचा मुलगा आणि दोन हिशेबनीस दिवसभर शेअर बाजाराच्या गप्पा मारायचे, आणि तू मान खाली घालून ऐकायचीस. पगारातून जे उरायचं ते पल्लवीच्या शिक्षणाचं. ते कुठे ठेवायचं, यावरून दर रविवारी सकाळी माझ्या घरी आपली जुंपायची. नाश्त्याला कोपऱ्यावरचा लोचो, तो वाफवलेल्या डाळीचा सुरती पदार्थ, आणलेला असायचा. मी त्यावर जास्तीची शेव टाकून घ्यायचो आणि तू वरून तेल नको म्हणायचीस, एवढ्यावरूनच आपलं एकमत नसण्याला सुरुवात व्हायची.

ईटीएफ हा शब्द तू पहिल्यांदा काढलास तेव्हा मी चमचा खाली ठेवला.

"मझार काय शे?" मी विचारलं. कुठलीही नवी वस्तू समोर आली की माझा पहिला प्रश्न हाच असतो, आत काय आहे.

तू सांगितलंस की आत पुष्कळ मोठ्या कंपन्यांचे शेअर आहेत, एकेकाचा थोडा थोडा. त्यांची यादी आधीच ठरलेली असते, बाजाराचा निर्देशांक असतो त्याच्याच मापाने हा गठ्ठा बांधतात. त्या गठ्ठ्याचे बारीक वाटे करतात, त्यांना युनिट म्हणतात, आणि ते युनिट शेअरसारखं दिवसभर बाजारात विकत घेता येतं, विकता येतं. मला कळावं म्हणून तू माझ्याच धंद्यात शिरलीस. म्हणालीस, "एक कंपनीना शेअर म्हंजे एकच मागवरना ताका. हाऊ म्हंजे पन्नास मागवरतून थोडं थोडं कापड लीसन बांधेल गठ्ठा. एखादा माग बंद पडना तरी बाकीना चालू."

"म्हंजे पन्नास जागाना डाग एकच गठ्ठामा," मी म्हणालो.

तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला. माझ्या बायकोने तुझ्या पाठीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे डोळे वटारले. पण तुझं हसणं थांबल्यावर मी पुढचं विचारलंच. ह्या पन्नासांत चांगली कोणती, वाईट कोणती, हे निवडतं कोण? तू म्हणालीस, कोणीच नाही. यादीत आहे म्हणून घेतलं, यादीतून गेलं की काढलं. डोकं चालवणारा माणूस ठेवलेला नाही, म्हणून त्याचा खर्चही फार थोडा. मी म्हणालो, इतक्या थोडक्यात कोणी कोणाचं काम करत नाही, कुठेतरी कापत असतील. तू कपाळावर हात मारलास. "भाऊ, महाग दिधं तरी तुले संशय, स्वस्त दिधं तरी संशय. आते मी काय करू?"

माझ्या संशयाला कारण नव्हतं, असं मात्र तू कधी म्हणाली नाहीस. तुला आठवत होतं. नवागामात त्या वरच्या मजल्यावर उघडलेलं ऑफिस, दारात रांगोळी, भिंतीवर देवाचे फोटो, आणि पैसे दुप्पट करून देणारा तो माणूस. आपल्याच भागातला, आपलीच अहिराणी बोलणारा. आपल्या घरी जेवला होता तो, आणि आईला माय म्हणून हाक मारली होती. एके सकाळी ऑफिसला कुलूप, आणि आपले पैसेही गेले. आईने कोणालाही शिवी दिली नाही, फक्त त्याला वाढलेलं ते ताट पुन्हा कधी काढलं नाही. तेव्हापासून एखादा अनोळखी माणूस गोड अहिराणी बोलायला लागला की माझा हात आपोआप खिशावर जातो.

ह्यावरही तुझ्याकडे उत्तर होतं. म्हणालीस, म्हणून तर मला माणूस नको आहे. हे आपल्याच नावावर, आपल्याच डीमॅट खात्यात असतं. मधे कोणी दादा नाही, काका नाही. ह्यात कोणी आपल्या घरी जेवायला येत नाही.

त्या वाक्यावर मी पुन्हा लोचो खायला लागलो. हरलो म्हणून नव्हे, पुढचा प्रश्न शोधत होतो म्हणून.

सोन्यावरून तर आपण दिवाळीच्या आधी असे भांडलो की शेजारची बाई दार उघडून बघून गेली. पल्लवीच्या लग्नासाठी तू सोनं घ्यायला लागलीस, तेही असंच, युनिटात. मी म्हणालो, सोनं कोठे शे ते माले दखाड. तू म्हणालीस, तिजोरीत असतं, दुसरे लोक येऊन त्याची मोजदाद करतात. कोणाच्या तिजोरीत? तू पाहिलीस? मी मागितलं तर देतील का हातात? तू खरं ते सांगितलंस, आपल्यासारख्याला हातात देत नाहीत, विकून त्या दिवसाच्या भावाने पैसे देतात. मग त्याला सोनं म्हणायचंच कशाला, मी ओरडलो. तूही ओरडलीस. सराफाकडे घेतलं तर घडणावळ जाते, मोडायला नेलं तर घट काढतात, घरात ठेवलं तर मी कामावर असताना माझा जीव त्या डब्यापाशी. तुला माझा जीव हवा की तुझा डबा? एवढं बोलून तू रागाने निघून गेलीस आणि जिन्यातून परत आलीस, कारण चप्पल माझ्या बायकोची घातली होतीस.

आज हे लिहिताना मला त्या चपलेचंच हसू येतंय. बाकीचा वाद मात्र मी सोडलेला नाही. हातात न येणारं सोनं मला अजून पटत नाही.

आणि चांदी. एका सणाच्या मोसमात सगळ्या मार्केटला चांदीचं वेड लागलं होतं. हमालापासून शेठपर्यंत सगळे चांदीचे ईटीएफ घेत होते, आणि तू डोळ्यांत चमक घेऊन आलीस. रोज वर जातंय भाऊ, उद्या सकाळी बाजार उघडला की मीही घेते. मी म्हणालो, घे. पण लेबलवर किती आणि आत किती? तुला आधी कळलं नाही. मी म्हणालो, बाजारात युनिट ज्या भावाला मिळतंय ते लेबल झालं. त्या युनिटात जी चांदी आहे तिची आजची किंमत किती? दोन्ही सारखे आहेत का? कापडात मी ते रोज बघतो. गिऱ्हाईक फार झालं की माल तोच राहतो आणि लेबलवरचा आकडा फुगतो.

तू मोबाइलवर काहीतरी शोधत बसलीस. आतल्या मालाची किंमत, एनएव्ही म्हणतात ना तिला, ती दिवसभर दाखवतात, हे तूच मला आधी सांगितलं होतंस. तू एकदा ती बघितलीस, एकदा बाजारभाव बघितलास. तुझा चेहरा पडला. अर्धा लोचो तसाच टाकून तू उठलीस आणि म्हणालीस, काम आहे. मला वाटलं, ही रागावली आणि आता मुद्दाम घेणार. पुढे ते फुगलेलं खाली आलं, ज्यांनी वर घेतलं ते मार्केटभर तोंड लपवत फिरले, आणि तू त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. मी मनात पक्कं धरलं की हिने घेतली होती, बुडाली, आणि आता लपवते आहे. एकदोनदा आडून विचारलं. तू विषय बदललास. तेव्हा तर माझी खात्रीच पटली.

शेवटच्या रविवारी मी तुला जो प्रश्न टाकला तो मला स्वतःलाच फार आवडला होता. "समदास्नी एकदम इकाले काढं ते लेनारा कोन?" सगळेच एका दिवशी विकायला उभे राहिले तर घेणारा कोण? हा ताका नाही की दुकानात पडून राहील. लोचोची रिकामी डिश उगाच चमच्याने खरवडत राहिलीस. मग म्हणालीस, "पुढला रविवारले सांगसू."

पुढच्या रविवारी तुझ्या घरी सतरंजी घातलेली होती.

गंधमुक्तीचा विधी झाला, माणसं पांगली, आणि पल्लवीने मला सांगितलं की तुझ्या खात्याला नॉमिनी म्हणून माझं नाव आहे. मी तिला दोनदा वाचायला लावलं. खातं उघडलंस तेव्हा पल्लवी लहान होती, हे खरं. पण नंतर बदलता आलं असतं, आणि तू बदललं नाहीस. हे का केलंस? मीच गिळून टाकलं असतं तर? माझ्या मनात हा विचार आला, निमा. मी स्वतःलाही तपासायचं सोडलेलं नाही. मग कळलं की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, त्याने फक्त सांभाळायचं आणि खऱ्या वारसाच्या हाती द्यायचं. वारस पल्लवीच. तिची फार्मसीची वर्षं अजून उरली आहेत, आणि त्या वर्षांचं जे काही आहे ते सगळं त्या दिसत नसलेल्या गठ्ठ्यात.

पुढचं ऐक, म्हणजे तुला कळेल की मला काय वाटलं असेल. तुझ्या ब्रोकरच्या ऑफिसातल्या मुलीने फोनवर शांतपणे सांगितलं, "अंकल, युनिट तुमच्या नावे करायला तुमचं स्वतःचं डीमॅट खातं पाहिजे." इतकी वर्षं मी जे उघडणार नाही म्हणून छातीठोक सांगत होतो, ते तू मेल्यावर मला उघडायला लावलंस. माझी बायको तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. ती रडत नव्हती, हसत होती, मला माहीत आहे.

पल्लवीने माझ्यासमोर मोबाइल धरला. त्यात माझाच चेहरा, आणि खाली सूचना, डोळे मिचकावा. मी विचारलं, कशाला? ती म्हणाली, "मामा, तुम्ही जिवंत छे ते बघतात. फोटोचा फोटो नको ना." मी मिचकावले. त्यांना पटलं नाही, पुन्हा मिचकावायला सांगितलं. मला एकदम ती इस्पितळातली रेघ आठवली. तिथे मी दुसऱ्यांदा दाखवा म्हणत होतो, इथे कोणीतरी मला तेच म्हणत होतं. पल्लवीला वाटलं माझ्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून मोबाइल ओळखत नाहीये, आणि तिचं बरोबर होतं.

मी ठरवून टाकलं होतं. युनिट माझ्या खात्यात आले की त्याच दिवशी सगळे विकायचे, पैसे बँकेत मुदतीने ठेवायचे, विषय संपला. बायकोला तसं सांगितलंही होतं. युनिट आले. मी चष्मा लावून एकेक ओळ पाहिली. निर्देशांकाचा तो गठ्ठा होता, तुझं सोनं होतं. मी चांदी शोधत होतो. खोटं कशाला बोलू, तुला पकडायला शोधत होतो. चांदी कुठेच नव्हती. म्हणजे तोट्यात विकून टाकली, मी मनात म्हटलं, आणि मला वाईट वाटलं की आता ऐकवायचं कोणाला.

दुसऱ्या दिवशी मी नवागामला पल्लवीकडे होतो, तिथे सुभाष आला. दाजींचा चुलतभाऊ, बमरोलीला राहतो, जमिनीची दलाली करतो. दारावर आला होता तेव्हा तो सगळ्यांत मोठ्याने रडला होता, हे माझ्या ध्यानात होतं. आता पेढ्यांऐवजी केळी घेऊन आला, दुखवट्याचं घर म्हणून. बसला आणि म्हणाला, "दादा, तो बाजार काय खरं आहे? हातात येत नाही, डोळ्याला दिसत नाही. तुम्हीच तर म्हणत होते."

निमा, माझे शब्द होते ते, जसेच्या तसे. क्षणभर मला गोड वाटलं. इतक्या वर्षांत माझ्या बाजूने बोलणारं कोणीतरी भेटलं. मग तो खुर्ची पुढे ओढून म्हणाला, हायवेकडे प्लॉटची एक स्कीम आहे, सगळी घरचीच माणसं, पोरीचं सगळं काढून तिथे टाका, महिन्याला पक्कं घरी येईल.

"आत काय आहे?" मी विचारलं.

"काय म्हंजे? जमीन आहे दादा."

"कोणाच्या नावावर?"

"होईल ना नावावर. आधी पैसे तर जमू द्या."

"पोरीच्या फीला उद्या काढून हवे असले तर?"

"अहो, काढायचे कशाला? वाढतायत तर वाढू द्या."

"भाव कोण ठरवतं?"

"आपणच ठरवतो. आपलीच माणसं आहेत म्हणतोय ना मी."

"आणि आपल्या माणसांनी सगळ्यांनी एकदम मागितले तर?"

सुभाष उठून उभा राहिला. "दादा, तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?"

"नाही," मी म्हणालो. ते म्हणायला मला अजिबात जड गेलं नाही. केळी त्याने तिथेच ठेवली, ती मी खाल्ली नाहीत, गल्लीतल्या गाईला घातली.

तो गेल्यावर मला आठवलं. हे सगळे प्रश्न मी आयुष्यात दुसऱ्या एकाच माणसाला विचारले होते. तुला. आणि तू एकदाही म्हणाली नाहीस की भाऊ, तुझा माझ्यावर विश्वास नाही का. तू उत्तर द्यायचीस. नसलं तर शोधून आणायचीस, पुढच्या रविवारी. कधी चुकीचं आणायचीस आणि त्याच्या पुढच्या रविवारी स्वतःच दुरुस्त करायचीस.

पल्लवी आतल्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. मी तिला विचारलं, "चांदी कोठे शे?"

"कोणती चांदी?"

"तुझ्या आईने घेतली होती ती. किती बुडाली?"

"मम्मीने चांदी घेतलीच नाय, मामा. तुम्हीच तर ते लेबलवालं विचारलं होतं. घरी येऊन म्हटली, भाऊच्या टेबलावर नाय टिकली."

मला समजेना. मी म्हणालो, भाऊचं टेबल म्हणजे?

ती माझ्याकडे असं बघायला लागली की मी एवढंही कसं जाणत नाही. "मामा, मम्मी काय पण घ्यायच्या पहिले रविवारी तुमच्याकडे यायची ना. मला बोलायची, चल, भाऊच्या टेबलावरून काढून आणू. तुम्ही जे विचारायचे त्याचा जवाब मिळाला तरच घ्यायची."

ही मला बरं वाटावं म्हणून सांगते आहे, असा मला संशय आला. येणारच. मी लगेच उलट विचारलं, "मग सोनं कसं घेतलं? त्याला तर मी साफ नाही म्हटलं होतं."

"तुम्ही तर सगळ्यालाच नाही म्हणता," पल्लवी म्हणाली. "मम्मी बोलायची, भाऊ नाही म्हणतो ते ऐकायचं नाय. भाऊ विचारतो काय, ते ऐकायचं."

निमा, हे पोरीला बनवून सांगता येणार नाही. हे तुझंच आहे, ह्यात तुझा आवाज आहे. हे कापड मी ओळखतो.

मला तुझा भयंकर राग आला. हे तू मला सांगितलं का नाहीस? एवढे रविवार मी समजत होतो की मी तुला अडवतोय आणि तू माझं ऐकत नाहीस, आणि तू मात्र एकेक गोष्ट माझ्या उजेडावर धरून, डाग बघून, घरी नेत होतीस. एकदा म्हणाली असतीस तर मला किती बरं वाटलं असतं. मग कामावर ताका ओढताना माझ्या लक्षात आलं. आमच्याकडे कापड कोणाचं आहे हे तपासणाऱ्याला कळलं की त्याचा डोळा नरम पडतो. ओळखीच्या मागवाल्याचा बारीक डाग बोटाखालून निघून जातो. तू सांगितलं असतंस तर मी नरम पडलो असतो. बहिणीच्या पोरीचं शिक्षण आहे म्हणून एखादा प्रश्न गिळला असता. तुला माझी माया नको होती त्या एका तासात, तुला माझी कटकट हवी होती. आणि नॉमिनी मला का केलंस तेही मग मला कळलं. आता इतकी माणसं दारावर आली, एवढी केळी आली, पण माझ्याकडून कोणीही काही गोड बोलून काढून नेऊ शकत नाही. माझ्या सगळ्या स्वभावात लोकांना ज्याचा वीट आला, तेच तू पल्लवीच्या दाराला कडी म्हणून लावून गेलीस.

कोणी आजवर माझ्यावर एवढा विश्वास ठेवला नव्हता, निमा. मला त्याची सवय नाही.

मी विकलं नाही. पटलं म्हणून नव्हे. रोज संध्याकाळी घरी आलो की बघतो, लेबलवर किती आणि आत किती. बहुतेक दिवशी फरक इतका बारीक असतो की माझी जरा निराशाच होते. पण मी बघतो.

काल रविवार होता. पल्लवी आली, लोचो घेऊन आली, तिलाही वरून तेल नको असतं. तुझ्याकडे राहिलेला तो प्रश्न मी तिच्यापुढे ठेवला. सगळ्यांनी एकदम विकायला काढलं तर घेणारा कोण? ती आधीच शोधून आली होती. म्हणाली, मोठे व्यापारी नेमलेले असतात, ते युनिट घेतात, पुष्कळ जमले की परत करून त्याबदल्यात आतले शेअर काढून घेतात, म्हणून भाव आतल्या किमतीच्या आसपास राहतो. पण फारच वाईट दिवस असला तर तेही हात आखडतात. त्या दिवशी आत जेवढं आहे त्याच्यापेक्षा कमी भाव मिळू शकतो.

"म्हणजे घेणारा मिळेल, पण चेपून घेईल," मी म्हणालो.

"हा. तर त्या दिवशी विकायचं नाय, मामा. एवढंच."

"आणि तुझी फी नेमकी त्याच दिवशी भरायची असली तर?"

तिने कपाळाला तुझ्यासारखी आठी घातली, आणि रिकामी डिश उगाच चमच्याने खरवडायला लागली. मी तो आवाज ऐकत बसलो. मग ती उठली, ओढणी सावरली आणि म्हणाली, "पुढच्या रविवारी सांगते."

मी तिचा हात धरला आणि तिला परत खुर्चीत बसवलं. म्हटलं, रविवारबिविवार काही नाही, आत्ताच शोध, सापडेपर्यंत मी तुला घरी जाऊ देणार नाही.